दर आठव्या ठिपक्याला एक रेघ

भाच्याने माळ्यावरून खोकं खाली काढलं. त्यात नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम होता, दोन कंट्रोलर होते आणि पिवळ्या रंगाच्या चार कॅसेट. "मामा, चालतो का हा?" गेम लावला. संगीत सुरू झालं, मारिओ धावायला लागला, पण निळ्या आभाळात वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा होत्या, अगदी सारख्या अंतरावर. मी मोजल्या तर ३१ भरल्या. "टीव्ही गेला," भाचा म्हणाला.

मी म्हटलं, मारिओला उजवीकडे पळव. तो पळायला लागला तशा रेघाही ढगांबरोबर डावीकडे सरकल्या. वरच्या गुणांच्या ओळीतल्या रेघा मात्र जागच्या जागी राहिल्या, कारण ती ओळ सरकतच नाही. मारिओच्या अंगावरही एक रेघ होती, पाठीच्या बाजूला. त्याला डावीकडे वळवला, तरी रेघ पाठीवरच. म्हणजे मारिओ वळला तशी रेघही वळली.

एवढ्यावरून टीव्ही निर्दोष ठरला. टीव्हीतला दोष काचेला चिकटलेला असतो, तो मारिओबरोबर धावत नाही आणि वळत तर मुळीच नाही. दोष टीव्हीच्या कितीतरी आधी, चित्र अजून अंकांच्या रूपात असताना शिरला होता. पेचकस हातात घ्यायच्या आधी पडद्याकडे पाच मिनिटं नीट बघा, असं मी जुने गेम दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ते याचसाठी. या यंत्राचं बिघडलेलं चित्र बेशिस्त दिसतं, पण ते फार शिस्तीत बिघडलेलं असतं.

आपल्याकडे घरोघर आलेले हे टीव्ही गेम म्हणजे बहुतेक निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम'च्या नकला. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला, १९८५ पासून अमेरिकेत तोच 'एनईएस' नावाने विकला गेला. आत दोन मुख्य चिप. एक खेळ चालवते, दुसरी फक्त चित्र काढते. चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ओळी उंच. एवढे ठिपके एकेक करून साठवायला तेव्हा मेमरी परवडत नव्हती. चित्राच्या चिपला मिळाली होती २ किलोबाइट, आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोच्या हजाराव्या भागाइतकी. त्यामुळे चित्र ठोकळ्यांनी रचलं जातं. प्रत्येक ठोकळा ८ ठिपके रुंद, ८ उंच. आडवे ३२ ठोकळे, उभे ३०. मेमरीत फक्त कुठे कितव्या नंबरचा ठोकळा लावायचा याची यादी असते. ठोकळ्यांच्या आकृत्या कॅसेटमधल्या वेगळ्या चिपमध्ये असतात. रांगोळीच्या छाप्यांसारखं आहे हे. छापे डब्यात, आणि कुठे कोणता उठवायचा ते आपल्या डोक्यात.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. त्यात ३२ किलोबाइट खेळाची आज्ञावली आणि फक्त ८ किलोबाइट आकृत्या. त्यात बसवायचं म्हणून आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे, रंग तेवढा वेगळा. कॅसेटचा संपर्क बिघडला की हे स्वतः पाहता येतं. ढग जिथे फाटलेला दिसतो, बरोबर तिथेच झुडूपही फाटतं.

आता रेघांकडे येऊ. ठोकळ्यातली एक आडवी ओळ म्हणजे ८ ठिपके, आणि ती कॅसेटमधून ८ तारांवरून एकाच वेळी येते. एका तारेवर एक ठिपका. डावीकडचा पहिला ठिपका ठरलेल्या तारेवर, दुसरा त्याच्या शेजारच्या. यातल्या एका तारेचा संपर्क तुटला तर प्रत्येक ओळीतला तेवढाच ठिपका चुकतो. ओळीखाली ओळ, ठोकळ्याशेजारी ठोकळा, आणि पडद्यावर दर आठव्या ठिपक्याला एक उभी रेघ तयार. २५६ भागिले ८, म्हणजे ३२ रेघा. मला ३१ मिळाल्या, एक टीव्हीच्या चौकटीआड गेली असावी. तुटलेल्या तारेवर शून्य वाचलं जाईल की एक, याचा भरवसा नसतो, म्हणून ती रेघ काही ठोकळ्यांत उठून दिसते आणि काहींत लपते.

मारिओ वळल्यावर रेघ का वळली तेही यातच आलं. डावीकडे तोंड केलेल्या मारिओची वेगळी आकृती कॅसेटमध्ये नाहीच. चित्राची चिप तीच आकृती आरशातल्यासारखी उलटी लावते. रेघ आकृतीत आधीच शिरलेली होती, म्हणून तीही उलटली.

या आठ तारांवरून आकृती येते, पण कोणती आकृती हवी ते सांगणाऱ्या तारा वेगळ्या. त्यांना आपण पत्त्याच्या तारा म्हणू. त्यातली एखादी अडली की चित्र वेगळ्याच प्रकारे बिघडतं, आणि मला तर हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो. पहिल्या तीन तारा ठोकळ्यातली कितवी ओळ ते सांगतात. त्यातली पहिली अडकली तर एक ओळ दोनदा छापली जाते आणि पुढची गायब होते, चित्र जाडंभरडं दिसतं. चौथी तार रंगाची. प्रत्येक ठोकळा दोन थरांत साठवलेला असतो आणि दोन्ही थर मिळून त्याचे चार रंग ठरतात. ही तार अडकली की दोन्ही वेळा एकच थर वाचला जातो आणि चाराचे दोनच रंग उरतात. पुढच्या आठ तारांवर ठोकळ्याचा नंबर असतो. तिथे घोटाळा झाला तर आकृती शाबूत पण जागा चुकीची. आभाळात विटा, विटांच्या जागी अक्षरं. आणि शेवटची तार सांगते की ठोकळा पार्श्वभूमीच्या गठ्ठ्यातला घ्यायचा की हलणाऱ्या पात्रांच्या. ती अडकली की मारिओच्या जागी विटांचे तुकडे पळताना दिसतात.

म्हणजे फाटकं चित्र बघून कोणत्या तारेवर संशय घ्यायचा ते बऱ्यापैकी सांगता येतं. मोठ्या खेळांच्या कॅसेटमध्ये मध्ये आणखी एक चिप असते, तिथे हे इतकं सरळ राहत नाही. साध्या खेळांना मात्र चोख लागू पडतं.

फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात, दोन ओळींत तीस-तीस. साधारण अर्ध्या बाजूला आज्ञावलीच्या, अर्ध्या बाजूला चित्राच्या. कॅसेट किंचित तिरकी बसली आणि चित्राची बाजू उचलली गेली तर खेळ व्यवस्थित चालतो, संगीत वाजतं, उडी मारल्याचा आवाज येतो आणि चित्राचा चुथडा होतो. उलट बाजू उचलली तर खेळ सुरूच होत नाही, नुसता एका रंगाचा पडदा येतो. तो एकरंगी पडदा पाहून लोक निराश होतात. खरं तर तीही बरी खूण आहे. चित्राची चिप, टीव्हीकडे जाणारी वायर आणि वीजपुरवठा निदान जिवंत आहेत, असं तो सांगतो. नुसत्या मुंग्या दिसल्या तर मात्र टीव्हीपर्यंत काहीच पोचत नाहीये. तेव्हा आधी वायर, मग चॅनेलचं ट्यूनिंग, मग अडॅप्टर.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांची. फुंकर मारल्यावर खेळ चालायचा हे खरं, पण श्रेय फुंकरीला देऊ नये. कॅसेट काढून परत घालताना कनेक्टरच्या पात्या पिनांवरून घासतात आणि वरचा गंजाचा पापुद्रा खरवडला जातो, काम तो घासा करतो. फुंकरीतला ओलावा मात्र आत राहतो आणि तांब्याला हिरवट गंज चढवतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्यात. काडी काळी निघेल, कोरी निघेपर्यंत नव्या काड्या घ्याव्यात. खोडरबर अगदीच हट्टी डागाला, तोही हलक्या हाताने. पॉलिशपेपर कधीच नाही, कारण पिनेवर सोन्याचा मुलामा असलाच तर तो जेमतेम असतो आणि एकदा गेला की गंजाला रान मोकळं.

अमेरिकेतल्या एनईएसची एक वेगळीच तक्रार होती. यंत्र चालू केलं की पडदा सेकंदाला साधारण एकदा उघडझाप करायचा, थांबायचाच नाही. अस्सल नसलेल्या कॅसेट चालू नयेत म्हणून निन्टेन्डोने यंत्रात एक आणि कॅसेटमध्ये एक अशा कुलूप-चिपा घातल्या होत्या. त्या दोघींचं बोलणं जुळलं नाही की यंत्रातली चिप सारखं रीसेट करत राहायची. त्यात तिथली कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबायची असे, आणि आतला ७२ पिनांचा कनेक्टर वापरून वापरून ढिला पडे. म्हणजे अस्सल कॅसेटही ओळखली जात नसे. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं, त्यामुळे त्याच्या नकलांतही ते आलं नाही. आपल्या गेमचा पडदा असा उघडझाप करत असेल तर कुलपाचा विचार सोडा आणि अडॅप्टर तपासा.

अडॅप्टरचा दोष ओळखायची खूण पडद्यावरच असते. चित्रात दोन रुंद, आडवे, काळपट पट्टे हळूहळू वर किंवा खाली सरकत असतील तर ते मोजा. आपली वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टरमध्ये ती डीसी होताना तिच्या दोन्ही बाजू वापरल्या जातात, म्हणून उरलेली लहर सेकंदाला १०० वेळा येते. आपला टीव्ही सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो. म्हणजे एका पडद्यात दोन लहरी, म्हणून दोन पट्टे. ही लहर गिळायचं काम कपॅसिटरचं. तो पाण्याच्या टाकीसारखा, नळाला पाणी असताना भरून घ्यायचं आणि नसताना पुरवायचं. पंचवीस-तीस वर्षांत आतला द्राव सुकतो, टाकी लहान होते आणि दोन लहरींच्या मधल्या खड्ड्यात व्होल्टेज घसरतं. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या, गेममधल्या ७८०५ या रेग्युलेटरला ५ व्होल्ट द्यायला आत निदान ७ व्होल्ट लागतात, त्याच्या खाली गेलं की तोही हात टेकतो. मल्टिमीटरने त्याच्या व्होल्टेज बाहेर देणाऱ्या पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले आणि तरी पट्टे दिसत असतील तरी कपॅसिटर बदलून बघा, मीटर सरासरी दाखवतो, खड्डे नाही. पर्यायी अडॅप्टर जोडताना त्याचं आतलं टोक प्लस आहे की मायनस ते आधी बघा. अस्सल फॅमिकॉमला आत मायनस लागतो, आणि उलटं जोडलेलं रेग्युलेटरला सोसत नाही.

परदेशातून कुणी आणलेला गेम इथल्या जुन्या टीव्हीला जोडला की चित्र कृष्णधवल येतं आणि वर वर पळतं. यात काहीच बिघडलेलं नसतं. जपान-अमेरिकेची टीव्ही-चित्राची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची, सेकंदाला ६० पडद्यांची. आपली पाल पद्धत ६२५ ओळींची, ५० पडद्यांची. रंग कोणत्या लहरीवर बसवायचा तेही वेगळं, तिथे ३.५८ मेगाहर्ट्झ, इथे ४.४३. टीव्हीला रंग सापडत नाही, म्हणून तो सोडून देतो. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांमध्ये चित्राची चिपच बदललेली असे. ६० च्या ठेक्यावर लिहिलेले खेळ त्या ५० च्या ठेक्यावर चालवत, सहाव्या हिश्शाने हळू. असा गेम खेळून मोठ्या झालेल्यांनी मारिओचं मूळ संगीत पुढे कॉम्प्युटरवर ऐकलं की ते घाईत वाजतंय असं वाटतं. मला अजून वाटतं.

शत्रू जास्त झाले की पात्रं लुकलुकतात, त्यासाठीही यंत्र उघडू नये. चित्राची चिप एका आडव्या ओळीवर जास्तीत जास्त ८ हलत्या आकृत्या काढू शकते. नववी आली की ती दिसेनाशी होते, म्हणून खेळ लिहिणारे आळीपाळीने एकेकीला वगळतात. नव्या सपाट टीव्हीवर बदकांवर झाडायची बंदूक चालत नाही, तोही बंदुकीचा दोष नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी शोधतो. सपाट टीव्ही चित्र दाखवायला जरा वेळ घेतो, आणि तो क्षण निघून जातो.

गेम स्वतः उघडायला हरकत नाही, अडॅप्टर काढल्यावर आत जिवाला धोका नाही. जुना, मागे फुगीर असलेला टीव्ही मात्र कधीही उघडू नका. त्याच्या पिक्चर ट्यूबवर २०,००० व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ राहू शकतो.

आमच्या कॅसेटच्या चित्राच्या बाजूला, टोकाजवळच्या एका पिनेवर मोहरीएवढा काळा डाग निघाला. तीन काड्या लागल्या. आभाळ कोरं झालं, मारिओच्या पाठीवरची रेघ गेली. आता अगदी जवळ जाऊन बघितलं तर निळ्या रंगात अतिशय पुसट, रुंद उभ्या पट्ट्या दिसतात. मारिओ धावला तरी त्या जागच्या हलत नाहीत, म्हणजे त्या आकृतीतल्या नाहीत. बोर्डावर चित्राची तार आकडे वाहणाऱ्या तारांना खेटून नेली आहे, त्यांची कुजबुज हिच्यात उतरते. अस्सल फॅमिकॉममध्येही हे होतं. ती तार उचलून वेगळी वायर टाकली तर पट्ट्या कमी होतील. पण भाचा खेळातल्या दुसऱ्या जगात पोचला आहे आणि सध्या तरी मला गेम बंद करू देत नाहीये.