हँडल सरळ धरू नकोस!

रविवारी सकाळी नाशिकचा कॉलेज रोड तीन तास गाड्यांसाठी बंद होता. मधोमध रांगोळी काढायची म्हणून कुणीतरी दोन बादल्या पाणी ओतून डांबर धुतलं होतं. त्या ओल्या पट्ट्यातून सात-आठ वर्षांची एक मुलगी सायकल शिकत पुढे गेली. मागे कॅरिअर धरून धावणारे तिचे पप्पा धापा टाकत ओरडत होते, "हँडल सरळ धर गं! हलवू नकोस!" ती मात्र घाबरून हँडल सारखं इकडेतिकडे वळवत होती, आणि म्हणूनच पडत नव्हती.

तासाची सायकल भाड्याने घेऊन, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेल्या आमच्या पिढीलाही हाच सल्ला मिळाला होता. पुढे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कुणीतरी फिरत्या स्टुलावर बसून हातात गरगर फिरणारं चाक धरायचं. चाक तिरपं केलं की स्टूल आपोआप वळायचं. मग सर सांगायचे, बघा, या भोवऱ्याच्या गुणामुळेच सायकल पडत नाही.

प्रयोग खरा आहे, निष्कर्ष अर्धवट. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारं दुसरं चाक बसवलं आणि ते उलटं फिरवलं. भोवऱ्याचा परिणाम पुसला गेला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनी तर भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ शून्य असलेली छोटी सायकल बनवली. ढकलून सोडली की तीही स्वाराशिवाय तोल सांभाळत जाई.

मग तोल सांभाळतं कोण?

तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी डावीकडे कलली की हात डावीकडे न्यावा लागतो, म्हणजे पडणाऱ्या टोकाखाली आधार सरकवावा लागतो. सायकलचंही तेच. तिला बाजूला सरकता येत नाही, म्हणून ती वळते. डावीकडे पडायला लागली की हँडल डावीकडे, आणि चाकं पुन्हा शरीराखाली. घाई मात्र असते. साधारण मीटरभर उंचीवर वजन असेल, तर सुरुवातीचा कल दर एक तृतीयांश सेकंदाला पावणेतीन पट होत जातो.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. वळताना बाजूला मिळणारा रेटा वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून येतो. दोन अंशांचा कल सावरायला ताशी १५ किलोमीटर वेगात सुमारे ५० मीटर त्रिज्येचं वळण पुरतं, म्हणजे हँडल जेमतेम एक अंश. ताशी ५ किलोमीटरला तीच त्रिज्या सहा मीटरहून कमी लागते, हँडल तब्बल दहा अंश. वेग एक तृतीयांश, तर वळण नऊपट तीव्र.

वेगात हे काम बरंचसं सायकलच करते. पुढचं चाक धरणारा चिमटा तिरपा असतो. त्याचा अक्ष खाली वाढवला, तर तो चाक टेकतं त्याच्या थोडा पुढे जमिनीला भेटतो. त्यामुळे सायकल कलली की पुढचं चाक आपसूक त्याच बाजूला वळतं. फिरत्या चाकाचा भोवरागुणही इथेच हातभार लावतो. तो सायकलला उभं धरत नाही, हँडल वळवायला मदत करतो. नेहमीच्या ठेवणीच्या एका सायकलचं गणित मांडलं, तेव्हा ताशी सुमारे १५ ते २२ किलोमीटरच्या दरम्यान ती स्वाराने हँडल न हलवताही सावरते असं दिसलं.

आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. त्यांच्या दमाला सलाम; पण तोलापुरतं बोलायचं तर रहदारीत रांगत जाणाऱ्या म्हाताऱ्या दूधवाल्याचं काम जास्त अवघड. (त्या मुलीच्या हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. मागच्या ब्रेकची तार मात्र लोंबत होती. तोल लिंबाला कळत नाही.)

आणखी एक गंमत. उजवीकडे वळायचं तर आधी हँडल क्षणभर डावीकडे जावं लागतं. चाकं डावीकडे गेली की शरीर उजवीकडे कलतं, मगच वळता येतं. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार. त्यांतल्या विल्बरने कितीतरी स्वारांना विचारलं, पण आपण वळतो कसे हे पहिल्या फटक्यात कुणालाच नीट सांगता आलं नाही.

आता हाच स्वार डांबराच्या डाव्या कडेला चिकटून चालतोय असं समजा. मागून हॉर्न वाजतो. कडेपासून दूर व्हायचं, तर आधी कडेकडे वळावं लागणार, आणि तिथे जागाच नाही. त्र्यंबक रोडला मी असाच साईडपट्टीच्या खडीत उतरलो होतो. गुडघा अजून पावसाळ्यात दुखतो. तेव्हा वाटलं होतं, आपलंच चुकलं.

कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रस्ते असे सायकलींना मोकळे करण्याची प्रथा आहे. आता तिथे दर रविवारी शंभरावर किलोमीटर रस्ते सकाळी सातपासून दुपारपर्यंत गाड्यांविना असतात. आपल्याकडे नऊ वाजले आणि बॅरिकेड हलायला लागले. मी त्या ओल्या पट्ट्यापुढे गेलो. टायरच्या दोन ओल्या रेघा वाळत आल्या होत्या. मागच्या चाकाची जरा शांत, पुढच्याची नागमोडी, दर दोन-तीन हातांवर एकमेकींना छेदणाऱ्या. पावलाला पाऊल लावून नागमोडीची रुंदी मोजली: डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चार पावलं, म्हणजे मीटरभर.

घरी जाताना उभ्या गाड्या आणि धावत्या गाड्या यांच्यामधली जागाही तशीच मोजली. दीड पाऊल भरली.