क्षणात लाभणारे सामर्थ्य (चित्रपटांतील)

सुपरहिरोंच्या आणि मारधाडीच्या चित्रपटांत दुबळ्या, हिणवल्या गेलेल्या माणसाला साधनेवाचून अचाट बळ किंवा कौशल्य मिळते. त्या कथारूढीची ही नोंद. निमित्त कोळ्याच्या दंशाचे असेल, इंजेक्शनचे असेल, नाहीतर नुसत्या एका शब्दाचे. १९४० साली कॉमिकमध्ये अवतरलेला पोरका बिली बॅटसन ‘शझाम’ म्हणताच धिप्पाड वीर होतो. ‘द मेट्रिक्स’मध्ये (१९९९) नायकाच्या मेंदूत कुंग-फू थेट संगणकातून उतरवतात. जिथे सराव दाखवावाच लागतो, तिथे वर्षांची मेहनत एका गाण्यात उरकली जाते.

कितीही संकटे आली तरी सहीसलामत सुटणारा लोकप्रिय कथांतला नायक म्हणजे दिवास्वप्न पाहणारा ‘मी’च, असे सिग्मंड फ्रॉइडने १९०८ च्या निबंधात मांडले. ते पटते, पण माझ्या मते प्रेक्षकाला बळाहूनही वाट पाहण्यातून सुटका जास्त हवी असते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये हे लगेच कळते. आधी जाहिरात निघण्याची वाट, मग पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल. उमेदीची वर्षे त्यात जातात. तिथला मुलगा रविवारी असा चित्रपट पाहायला गेला, तर त्याला पळपुटा म्हणणे अन्यायाचे आहे. दोन-अडीच तास का होईना, कोणाचे तरी काम ताबडतोब झालेले त्याला पाहायला मिळते.

आपल्या पुराणांतही वर मिळतो, पण आधी तप असते. भस्मासुरालाही ते चुकले नाही. पुण्यात याच धाटणीची आख्यायिका आहे. उत्तर पेशवाईत निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे मल्ल आले आणि त्यांच्याशी झुंजायला कोणी पुढे होईना. तरुण बाळंभट देवधरांनी आव्हान स्वीकारले, सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान केले, आणि मारुतीने त्यांना लाकडी खांबावरच्या कसरती दाखवल्या. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. दृष्टान्त एका रात्रीचा, तरी देवाने बाहूंत आयते बळ भरले नाही, सरावाची रीत दिली. त्या रीतीचा मल्लखांब झाला.

चांगले सुपरहिरोपट हे तप पूर्णपणे टाळत नाहीत, ते फक्त पुढे ढकलतात. स्पायडरमॅनला (१९६२) शक्ती फुकट मिळते. पण त्याने सोडून दिलेला चोरच पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो, आणि त्याची खरी साधना तिथून सुरू होते. ज्या मारधाडपटांत हा हिशेब कधीच चुकता होत नाही, ते घरी पोचेपर्यंत विसरले जातात.

पुण्यात मल्लखांब आजही शिकवतात. मुलाला आधी खांबाला पायांची अढी घालायला सांगतात. ती सुटते, तो घसरतो, आणि पुन्हा खांबाकडे जातो.