ऍडवालं किंडल आणि ऍडवाला टॅब : पैसे भरून ऍड काढायच्या का?

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की नागपुरात बर्डीवरच्या आमच्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. अमेरिकेतून पोरगा नाहीतर जावई येऊन गेलेला असतो, जाताना किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, देऊन गेलेला असतो, आणि काका ते पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतात की भाऊ, याच्यात ऍड येऊन राहिल्या, व्हायरस गेला का बघा बरं. व्हायरस नाही काका, ते किंडल घेतलंच तसं आहे. दरवेळी तेच सांगून सांगून घसा बसला म्हणून हा कागद छापला.

तिकडे ॲमेझॉन एकच किंडल दोन भावात विकतं. 2011 मध्ये हे सुरू झालं तेव्हा साधं 139 डॉलरला होतं आणि ऍडवालं 114 ला, म्हणजे 25 डॉलर कमी, नंतर हा फरक 20 डॉलरवर आला. आतला माल तोच, स्क्रीन तीच, बॅटरी तीच, फक्त स्वस्तवाल्यात किंडल झोपलं की स्क्रीनवर कुठल्यातरी पुस्तकाची जाहिरात दिसते, आणि काही किंडलमध्ये होम स्क्रीनवर खाली एक पट्टी असते. बस इतकंच. पुस्तक उघडल्यावर पानात, दोन प्रकरणांच्या मध्ये वगैरे काही येत नाही, हे नीट लक्षात घ्या कारण निम्मे लोक याच भीतीनं येतात.

दुसरी भीती बॅटरीची. रात्रभर ऍड दिसत राहते म्हणजे बॅटरी खात असेल, असं वाटणं साहजिक आहे, पण किंडलचा स्क्रीन ई-इंकचा असतो, त्याला चित्र बदलताना करंट लागतो, चित्र नुसतं धरून ठेवायला लागत नाही. त्यामुळे ऍड असो की साधं किंडल झोपल्यावर दिसणारं पेन्सिलचं चित्र असो, फरक शून्य.

मग त्रास होतो का? आमचं स्पष्ट मत, वाचणाऱ्या माणसाला आठ-पंधरा दिवसांनी ती ऍड दिसेनाशी होते. दसऱ्याच्या पेपरला पहिली दोन पानं नुसत्या गाड्यांच्या आणि फ्लॅटच्या जाहिराती असतात, आपण पलटवतो आणि बातमीवर जातो, पेपरवाल्याशी भांडत नाही, तसंच हे. पण दोन गोष्टी खरंच खटकतात. एक म्हणजे चालू केल्यावर सरळ पुस्तक उघडत नाही, आधी ऍडवर बोट सरकवावं लागतं. दुसरी म्हणजे 2021 पासून किंडल बंद असताना वाचत असलेल्या पुस्तकाचं कव्हर दिसायची सोय आली, ती ऍडवाल्यात मिळत नाही, आणि ज्यांना ती हवी असते त्यांना फार हवी असते. घरात लहान पोरं ते किंडल हाताळत असतील तर अजून एक, कधीकधी प्रेमकथांची अशी कव्हरं झळकतात की आजोबाच आधी किंडल उलटं ठेवतात 😄

काढायच्याच असतील तर ज्या अकाउंटवर किंडल रजिस्टर आहे त्यात जाऊन, डिव्हाइसच्या यादीत आपलं किंडल निवडून, ऑफर (ॲमेझॉन ऍडला ऑफर म्हणतं) काढण्याचे 20 डॉलर भरायचे, झालं. आपल्या रुपयात दीड-दोन हजार पकडा. जावयाच्या अकाउंटवर असेल तर जावयालाच सांगा, हे काम आमच्या हातात नाही आणि त्याचे आम्ही पैसेही घेत नाही. एअरप्लेन मोडवर ठेवलं की नवीन ऍड उतरत नाहीत, पण मग नवीन पुस्तकंही उतरत नाहीत. आणि फाइली उडवून ऍड घालवायचा जुगाड आम्ही करत नाही, कितीही म्हटलं तरी. आमचा सल्ला, पंधरा दिवस तसंच वापरा, तरी डोक्यात जात असेल तर भरा पैसे.

टॅबचं मात्र वेगळं आहे. तिथे ऍड तुमच्या आणि कामाच्या मध्ये येऊन बसते. पोरगी अभ्यासाचा व्हिडिओ बघते आणि वरून टपकन पट्टी येते की तुमच्या टॅबमध्ये 13 व्हायरस आहेत. अशा दहा टॅबपैकी बहुतेकांत आम्हाला एकच गोष्ट सापडते, कुठल्यातरी वेबसाइटनं नोटिफिकेशन पाठवू का विचारलं आणि घाईत कोणीतरी हो दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा, अनोळखी साइट दिसली की बंद करा, पाच मिनिटाचं काम आहे, त्यासाठी पेट्रोल जाळून बर्डीवर यायची गरज नाही. स्वस्त टॅबच्या लॉक स्क्रीनवर बातम्या आणि फोटो आपोआप बदलत असतील तर ती कंपनीनंच टाकलेली सोय असते, लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये बहुतेक वेळा बंद होते. फुकटच्या गेममधल्या ऍड मात्र राहणारच, तो गेम त्यावरच चालतो. गुगलच्या सेटिंगमधून जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरून तुमचा टॅब ओळखतात तो नंबर, डिलीट करता येतो, पण त्यानं ऍड कमी होत नाहीत, फक्त काल शोधलेला कूलर आज सगळीकडे दिसणं कमी होतं.

एवढं करूनही जमलं नाही तर या की, तपासायचे पैसे नाहीत. येताना चार्जर आणा, टॅब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणू नका, आपल्याकडच्या उन्हात त्याची बॅटरी फुगते, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, काउंटरवर तुम्ही स्वतःच टाका. मे महिन्यात दुपारी 2 ते 4 शटर बंद असतं.