कडक पाणी दिलेलं पातं जास्त टिकतं का?

रावेर-यावलकडे ऑर्डरीप्रमाणे सुऱ्या-कोयते घडवणाऱ्या लोहाराला गिऱ्हाईक हमखास बजावतं, "पाणी कडक द्या, म्हणजे पातं जन्मभर जाईल." ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी चांगली पाती वाया जातात.

पाणी देणं म्हणजे लालबुंद पोलाद एकदम थंड करणं. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याहून थोडं वर नेऊन बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. हाडावर घाव बसला की धारेचा तुकडाच उडतो. म्हणून पातं लगेच पुन्हा हलकं तापवावं लागतं, सुरीसाठी साधारण २०० अंशांना. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर फिका पिवळा रंग चढतो, तीच खूण. कोयत्याला घाव सोसायचे असतात, म्हणून तो आणखी तापवून जांभळ्या-निळ्यापर्यंत नेतात; कडकपणा थोडा जातो, चिवटपणा येतो.

ट्रकच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, पोलाद तर तेलातच बुडवावं. पाण्यात त्याला तडा जाऊ शकतो.

कारागिराची उमेदीची वर्षं हे रंग ओळखायला शिकण्यात जातात. मजुरीची घासाघीस करताना ते कुणी धरत नाही, याचं फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी "कडक द्या" म्हणण्याऐवजी पात्याने काय कापायचं आहे, ते त्याला सांगा.