जीवाणू की बुरशी? पिंपरीच्या दोन औषधांची गोष्ट

शेजारच्या काकूंच्या कमरेवर गजकर्ण उठलं होतं. चार महिने झाले तरी हटेना, म्हणून एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. समोर एक पिळून संपवलेली मलमाची ट्यूब आणि अमॉक्सिसिलिनची रिकामी स्ट्रिप. नातवाच्या घशासाठी आणलेल्या गोळ्या उरल्या होत्या, त्या काकूंनी पाच दिवस घेतल्या. "इन्फेक्शनच ना गं तेही? मग गोळी लागू का पडली नाही?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, पण त्या क्षणी मला काकूंचा राग आला नाही. आपण बोलताना सगळ्यांनाच 'जंतू' म्हणतो. घसा धरला तरी जंतू, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या तरी जंतूच. औषधाला मात्र हा शब्द ठाऊक नसतो. समोरच्या पेशीत आपल्याला धरायला जागा आहे की नाही, एवढंच त्याचं काम.

प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात मुलांना मी दोन प्लेटा दाखवते. एकीवर जीवाणूंच्या वसाहती असतात, ओलसर, चकचकीत, सांडलेल्या थेंबांसारख्या. लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, टेकवला की लोण्यासारख्या उचलल्या जातात. दुसरीवर शिळ्या पावावरची बुरशी, कापूस पिंजल्यासारखी वर आलेली, मधोमध हिरवट भुकटी. इथपर्यंत कुणीच चुकत नाही. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली कँडिडाची स्लाइड ठेवते. कँडिडा ही एकपेशीय बुरशी. ग्रॅमच्या रंगाने, म्हणजे जीवाणू ओळखायला वापरतात त्या रंगाने, ती जांभळी होते आणि स्टॅफिलोकॉकस हा जीवाणूही जांभळाच होतो. निम्मी मुलं दोघांना एकच समजतात. जरा थांबून पाहिलं की फरक कळतो. स्टॅफिलोकॉकसचा ठिपका जेमतेम एक मायक्रोमीटरचा, कँडिडाची पेशी त्याच्या चार-पाचपट मोठी, लंबगोल, आणि कडेला नवी कळी फुटलेली.

आतला फरक याहून मोठा आहे. जीवाणूच्या पेशीत केंद्रक नसतं. बुरशीच्या पेशीत असतं, अगदी आपल्या पेशींसारखं. नात्याने पाहिलं तर बुरशी जीवाणूंपेक्षा आपल्याच जवळची, आणि बुरशीवरची औषधं कमी असण्याचं मुख्य कारण हेच. जवळच्या नातेवाइकाला मारणारं विष आपल्यालाही थोडंफार लागतंच.

हे समजून घ्यायला पिंपरीइतकी चांगली जागा मला दुसरी सुचत नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पिंपरीकर तिला नुसतं 'एचए' म्हणतात. तिथे बनायचं पेनिसिलिन. ते तयार करते पेनिसिलियम नावाची बुरशी आणि ते मारतं जीवाणूंना. जीवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची भिंत असते. पेशी वाढत असताना ही भिंत सतत सांधावी लागते. पेनिसिलिन तो सांधाच अडवतं, आतला दाब भिंतीला पेलवत नाही आणि पेशी फुटते. माणसाच्या पेशीला भिंतच नाही, त्यामुळे ज्यांना ॲलर्जी नाही त्यांना ते सहसा सोसतं. बुरशीला भिंत असते, पण ती कायटिन आणि ग्लुकनची. तिथे पेनिसिलिनला काहीच करता येत नाही. काकूंची अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातली. त्यांचं गजकर्ण बुरशीचं, त्याला तिचा पत्ताही लागला नसणार.

आता त्याच पिंपरीतलं दुसरं औषध. एचएमधले शास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतून एक जीवाणू वेगळा केला. गावावरूनच त्याचं नाव पडलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून हॅमायसिन मिळालं, आणि त्या नावातलं 'हॅ' हे कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलं. हे प्रतिजैविक भारतातच शोधलं गेलं. तयार करणारा जीवाणू आणि मरणारी बुरशी, म्हणजे पेनिसिलिनच्या बरोबर उलट. हॅमायसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थाला चिकटतं. पटल गळकं होतं, आतलं पोटॅशियम बाहेर वाहून जातं आणि पेशी मरते. जीवाणूंत अर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून हे औषध जीवाणूंवर चालत नाही. आपल्या पेशीपटलात असतं कोलेस्टेरॉल, अर्गोस्टेरॉलचंच भावंड. म्हणून हॅमायसिन तोंडातल्या कँडिडासारख्या वरवरच्या संसर्गावर वापरलं गेलं, रक्तात देण्याजोगं ते नव्हतं.

गोंधळ वाढवण्यात या स्ट्रेप्टोमायसिसचाही हात आहे. हा जीवाणू दिसतो बुरशीसारखा. धागे काढतो, वर भुकटीसारखे बीजाणू धरतो, वसाहत खडूसारखी कोरडी आणि प्लेटमधल्या आगरच्या जेलीला इतकी घट्ट की लूप वाकतो पण ती निघत नाही. म्हणूनच त्याच्या नावात 'मायसिस' आलं, ग्रीकमध्ये बुरशी. प्लेटचं झाकण उचललं की मातीचा वास येतो. वळवाची पहिली सर पडल्यावर अंगणातून जो येतो तोच, कारण तो वास ज्या जिओस्मिन नावाच्या रसायनाचा असतो ते हेच जीवाणू बनवतात. दरवर्षी कुणीतरी मूल तो वास ओळखतं आणि मला तो तास सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

नावावरून औषध ओळखायला जाल तर फसाल. अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन जीवाणूंवर, हॅमायसिन बुरशीवर. कोण कुणाला मारतो याचाही पक्का नियम नाही. ग्रिझिओफल्विन पेनिसिलियमपासूनच मिळतं, पण ते चालतं गजकर्णावर.

हा फरक महाराष्ट्राने २०२१ साली सोसला. कोविडमधून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या कितीतरी रुग्णांना म्युकरमायकोसिस झाला. 'काळी बुरशी' हे नाव पडलं, पण बुरशी काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग काळा पडतो. त्यावर हाताशी होतं मुख्यतः एकच इंजेक्शन, ॲम्फोटेरिसिन बी, तेही हॅमायसिनच्याच कुळातलं. त्यासाठी नातेवाईक दुकानं पालथी घालत होते. ज्यांना मिळालं त्यांच्या मूत्रपिंडावर डॉक्टरांना रोज लक्ष ठेवावं लागत होतं, कारण अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल यांतलं ते जवळचं नातं इथेही आड येतं.

चुकीचं औषध नुसतं वाया जात नाही. अँटिबायोटिकने तोंडातले, आतड्यातले निरुपद्रवी जीवाणू कमी झाले की त्यांच्या दबावाखाली असलेली कँडिडा फोफावते. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर जिभेवर पांढरे चट्टे येतात ते अनेकदा यामुळेच. काकूंच्या ट्यूबमध्ये तर तीन औषधं होती. जीवाणूंवरचं एक, बुरशीवरचं एक आणि तिसरं तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, लाली उतरते आणि बरं वाटतं. पण त्वचेची प्रतिकारशक्ती तिथे दबते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, याची मला मनापासून चीड येते.

मी काकूंना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चट्ट्याची कडा बोथट पात्याने खरवडली, कारण बुरशी कडेलाच जोमात असते. ती पापुद्र्यांची भुकटी काचेवर घेऊन त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्यात त्वचेच्या पेशी विरघळतात, कायटिनची भिंत टिकते. पंधरा मिनिटांनी त्यांनी काकूंनाच सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. काकूंनी एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, दोरेच आहेत की हे!"