अलेक्झांड्रियाची रोमन प्रांतिक नाणी

इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमनांच्या ताब्यात गेल्यानंतर अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत सम्राटांच्या नावाने पाडलेली, ग्रीक लेख असलेली नाणी. रोमन साम्राज्याच्या, मुख्यतः पूर्वेकडील, शहरांनी व प्रांतांनी पाडलेल्या नाण्यांना प्रांतिक नाणी म्हणतात. त्यांतली बरीच नेमकी कोणत्या वर्षाची हे ठरवणे अवघड असते. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर मात्र बहुधा सम्राटाचे राज्यवर्षच कोरलेले असते.

हे वर्ष मागील बाजूस असते. आधी रोमन ‘एल्’ अक्षरासारखी खूण, मग ग्रीक अक्षरांत आकडा : अल्फा म्हणजे १, बीटा म्हणजे २. नवव्या वर्षी मात्र थीटा टाळून पुष्कळदा पूर्ण शब्द लिहिलेला आढळतो. ग्रीक भाषेत मृत्यूचा शब्द थीटाने सुरू होतो, म्हणून ते अक्षर अशुभ मानले जात असावे, असा तर्क आहे. इजिप्तचे वर्ष २९ ऑगस्टच्या सुमारास सुरू होई आणि राज्यारोहणापासून तोवरचा काळ, कितीही थोडा असला तरी, पहिले वर्ष धरला जाई. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ रोजी गादीवर आला. त्याचे ‘पहिले वर्ष’ तीन आठवडेही भरले नाही. इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केलेल्या ऑथोचीही नाणी इथे पडली.

मुख्य नाणे टेट्राड्राक्म, म्हणजे चार ड्राक्मांचे चांदीचे नाणे. ते टायबेरियसच्या सातव्या वर्षी (इ.स. २०–२१) सुरू झाले. चांदी हिणकस, आणि पुढे अधिकाधिक हिणकस होत गेली. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस हे नाणे लहान, जाड आणि जवळजवळ तांब्याचेच उरले. इजिप्तचे चलन साम्राज्यापासून वेगळे ठेवलेले होते. म्हणून भारताशी होणारा व्यापार इजिप्तच्या बंदरांतून चाले, तरी भारतात सापडणारी रोमन नाणी प्रामुख्याने चांदीचे डिनेरियस आणि सोन्याचे ऑरियस आहेत. परमुलखात हिणकस चांदीला कोण विचारणार?

दर्शनी बाजूस सम्राटाचा चेहरा. पहिल्या वर्षीच्या नाण्यांत कधीकधी आधीच्या सम्राटाचा भास होतो, कारण नव्याची प्रतिमा पोहोचण्याआधीच काम सुरू झालेले असे. मागे सेरापिस, आयसिस या देवता, नाईल नदीची प्रतिमा, गरुड, अलेक्झांड्रियाचे फॅरोस दीपगृह. अँटोनायनस पायसची कांस्य नाणी सर्वांत देखणी : आठव्या वर्षीच्या मालिकेत राशी आणि ग्रह आहेत. त्याच्या दुसऱ्या वर्षीचा फिनिक्स, म्हणजे पुन्हा जन्मणारा पुराणातला पक्षी, व्याधाच्या ताऱ्याच्या उगवण्यावरून मोजल्या जाणाऱ्या नव्या कालचक्राशी जोडला जातो.

राजकारणही इथे वाचता येते. सीरियातल्या पाल्मायराची सत्ता इजिप्तवर असताना नाण्याच्या एका बाजूस रोमन सम्राट ऑरेलियन आणि दुसऱ्या बाजूस पाल्मायराचा राजा व्हाबालाथस, दोघांची राज्यवर्षे वेगवेगळी. २७२ मध्ये नाण्यांवरून ऑरेलियन वगळला गेला. व्हाबालाथस आणि त्याची आई झेनोबिया यांची स्वतंत्र नाणी निघाली. तीही थोडेच दिवस. सम्राट डायोक्लीशनच्या नाणेसुधारणांनंतर, इ.स. २९६ च्या सुमारास, ही वेगळी नाणेपद्धती संपली. बंडखोर डोमिशियस डोमिशिअॅनसची नाणी हा तिचा शेवटचा अध्याय.

कैरोत राहणारा इटालियन संग्राहक जोव्हानी दात्तारी याने १९०१ मध्ये आपल्या प्रचंड संग्रहाची सूची छापली; तिचे क्रमांक विक्रेते आजही देतात. उत्तरकालीन टेट्राड्राक्म विपुल असल्याने नवशिक्यालाही परवडतात. मात्र इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली आहे. त्यामुळे नाणे देशाबाहेर केव्हा व कसे गेले याची कागदपत्रे त्याच्या किमतीइतकीच महत्त्वाची ठरतात.