खाडीतून तळ्यात: युरिटेमोराच्या जनुकीय जुळवणीची पार्श्वभूमी

नाशिकजवळ गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या काठावरून ८० मायक्रॉनची प्लवक जाळी आठ-दहा वेळा फेकून ओढली आणि तळाच्या बाटलीतले पाणी पांढऱ्या बशीत ओतले, की झटके देत पळणारे ठिपके दिसतात. भिंगाखाली त्यांच्या दोन तऱ्हा सहज वेगळ्या काढता येतात. मादीच्या शेपटाशी दोन्ही बाजूंना एकेक अंड्यांची पिशवी आणि मिशा आखूड, तर तो सायक्लॉप्स. पोटाखाली एकच पिशवी आणि मिशा लांबलचक, तर कॅलॅनॉइड. दोघेही कोपेपॉड, म्हणजे वल्ह्यासारखे पाय असलेले कवचधारी. सायक्लॉप्स जुन्या पिढीला नारूमुळे ठाऊक आहे, कारण नारूच्या जंताच्या अळ्या त्याच्याच अंगातून माणसात जात. बारवेत उतरून पाणी भरायचे, ते फडक्यातून गाळायचे, ते याच्याचसाठी. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला आणि सायक्लॉप्सची भीती गेली. प्राणी अर्थातच गेला नाही.

कॅलॅनॉइडांचा बहुतेक गोतावळा मात्र समुद्रातला. त्यांच्यातले काही गोड्या पाण्यात कसे शिरले, हा प्रश्न जुना आहे. या शिरकावाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो युरिटेमोरा अफिनिस या जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या प्राण्यावर. १८८० मध्ये पोपे यांनी त्याचे वर्णन केले. तो गोदावरीतला नव्हे. उत्तर गोलार्धातल्या खाड्या आणि खाऱ्या दलदली हे त्याचे घर. मचूळ पाणी त्याला मानवते, कारण खाडीत भरती-ओहोटीबरोबर आणि पावसाबरोबर क्षारता सारखी वरखाली होते.

गोड्या पाण्यातला त्याचा प्रवेश माणसाने उघडलेल्या दारांतून झाला. नेदरलँड्समध्ये १९३२ साली बांध घालून झुइडरझी हा समुद्राचा फाटा तोडला गेला आणि त्याचे गोडे तळे झाले. युरिटेमोरा तिथेही टिकला. उत्तर अमेरिकेत १९५८ मध्ये तो ऑंटारिओ सरोवरात सापडला. सेंट लॉरेन्सचा मोठा जलमार्ग अधिकृतपणे सुरू झाला तो १९५९ मध्ये, त्यामुळे सगळा दोष त्या एका जलमार्गावर ढकलणे सोपे असले तरी तारखा जुळत नाहीत. पुढे काही वर्षांतच तो मिशिगनसह इतर मोठ्या सरोवरांत पोचला. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या धरणांच्या जलाशयांतही तो आढळतो, पण तिथली वंशावळ वेगळी. जीवशास्त्रज्ञ कॅरल ली यांनी १९९९ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून दाखवले, की गोड्या पाण्यातल्या या वस्त्या एकाच मूळ वस्तीतून पसरलेल्या नाहीत. वेगवेगळ्या खाड्यांतून वेगवेगळ्या वेळी त्या स्वतंत्रपणे आत आल्या आहेत.

ही स्वतंत्र पुनरावृत्तीच अभ्यासकांना सोन्यासारखी. एकदा घडलेली गोष्ट योगायोग म्हणून सोडता येते. तीच वाट चार ठिकाणी सापडली तर तिला कारण असते.

अडचण काय आहे? समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी. प्राण्याच्या अंगातल्या रक्तासारख्या द्रवात मात्र क्षार भरपूर. मग परासरणाने पाणी आत घुसते, सोडियम बाहेर झिरपते. गोड्या पाण्यातले प्राणी इतक्या पातळ पाण्यातूनही क्षार ओढून घेतात, हे डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रॉग यांनी १९३० च्या दशकात दाखवले होते. चढाविरुद्ध, म्हणजे कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे, सोडियम आणायचे तर ऊर्जा खर्चावी लागते. पेशीच्या कडेला बसलेला व्ही-प्रकारचा एटीपेज हा पंप प्रोटॉन बाहेर फेकतो. त्यातून पडद्याच्या दोन बाजूंत विद्युत फरक तयार होतो आणि त्या जोरावर सोडियम आत येतो. कोपेपॉडांना कल्ले नसतात, त्यामुळे ही यंत्रणा शरीरात कुठे असेल हा पेच बरेच दिवस होता. २०१४ च्या कामात तिच्या जागा सापडल्या: जबड्याजवळच्या मॅक्सिलरी ग्रंथी आणि पोहण्याच्या पायांतले खास अवयव. ज्या वल्ह्याने पोहायचे, त्याच वल्ह्याने मीठ गोळा करायचे.

आता जुळवणी जनुकीय की निव्वळ सवयीची, हे कसे ठरवायचे? तळ्यातला प्राणी तळ्यात जगतो, यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून खाऱ्या आणि गोड्या वस्तीतल्या प्राण्यांना आधी एकाच, मधल्या क्षारतेच्या पाण्यात दोन पिढ्या वाढवतात. मग एकाच मादीची पिल्ले विभागून शून्य, ५, १५ आणि २५ (लिटरमागे साधारण इतके ग्रॅम क्षार) अशा क्षारतांच्या भांड्यांत सोडतात आणि अंड्यातून निघालेल्या नॉप्लियस या पिल्लापासून प्रौढापर्यंत किती जगले हे मोजतात. कात टाकत जाणाऱ्या सहा नॉप्लियस अवस्था, त्यानंतर प्रौढासह सहा कोपेपोडिड अवस्था. मरण जास्त करून लहान वयात येते. शून्य क्षारता म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे, तळ्याचे गाळलेले पाणी. डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियमही नसते, म्हणजे प्रयोगाने भलतेच काही मोजले असे होते. खाद्यही सारखेच ठेवावे लागते, कारण भरपूर शैवाल मिळाले की खारी वस्तीसुद्धा गोड्या पाण्यात जास्त तग धरते. उपाशी भांडे आणि भरल्या पोटाचे भांडे यांची तुलना केली तर निष्कर्ष फसतो. या प्रयोगांत फरक पिढ्यानपिढ्या टिकला. गोड्या पाण्यातल्या वस्त्या पातळ पाण्यात अंगातले क्षार जास्त राखतात, आणि जास्त क्षारतेत त्यांची तग कमी होते. जे मिळाले त्याची किंमत मोजावी लागली.

पुढचा वाद असा, की हे बदल तळ्यात गेल्यावर नव्याने उत्परिवर्तन होऊन आले का? ४०-५० वर्षांत इतके होणे अवघड. जनुकसंचाचा २०२० सालचा अभ्यास सांगतो, की सोडियम-प्रोटॉन अदलाबदल करणाऱ्या जनुकांसारख्या क्षारवाहक जनुकांवर वेगवेगळ्या शिरकावांत वारंवार निवड झाली, आणि त्यांच्या उपयोगी आवृत्त्या खाडीतल्या मूळ वस्तीत आधीपासूनच होत्या. खाडीची क्षारता बदलती, म्हणून कधी एक आवृत्ती फायद्याची, कधी दुसरी. दोन्ही टिकून राहतात. २०२२ मधल्या प्रयोगात बाल्टिकमधल्या कीलच्या वस्तीच्या १० ओळी, म्हणजे वेगवेगळे ठेवलेले १० वंशगट, दहा पिढ्या वाढवले आणि पाण्याची क्षारता टप्प्याटप्प्याने १५ वरून शून्यावर आणली. ओळीगणिक बहुतांश त्याच आवृत्त्यांचे प्रमाण वाढत गेले.

आपल्याकडचा नकाशा पाहिला तर मजा वाटते. त्र्यंबकपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीची भिंत. गोदावरी १४६५ किलोमीटर उलट दिशेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गंगापूर, नांदूरमध्यमेश्वर आणि खाली एकामागून एक बंधारे. स्थिर, शैवालाने भरलेले जलाशय हे अशा प्राण्यांना वाहत्या नदीपेक्षा जास्त पोषक असतात. खाऱ्या पाण्यातला कोपेपॉड इथवर पोचायचा तर नदीच्या उलट ओघापेक्षा मत्स्यबीजाच्या पिशवीतले पाणी किंवा पक्ष्यांच्या पायाला लागलेला गाळ हे मार्ग जास्त संभवतात.

एक सूचना नमुने घेणाऱ्यांसाठी. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला प्राणी ओळखायला चांगला राहतो, पण त्याचा डीएनए तुटतो. वंशावळ काढायची असेल तर जाळीतला अर्धा माल लगेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी ते इथेनॉल बदला, कारण प्राण्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होते. लेबलवर शाईने न लिहिता पेन्सिलने लिहा. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या बाटल्यांवर ‘अफिनिस’ लिहिलेले असले तरी २०११ पासून अटलांटिक वंशाला कॅरल ली यांच्या नावाने युरिटेमोरा कॅरोलली असे वेगळे नाव आहे; ती लेबले वाचताना मूळ नमुना कुठला हे आधी पाहावे.